आवरला की उचकला?

मी एक जुना खण आहे. चोळीचा नव्हे, मित्रांनो. ओट्याखालचा, लाकडी, ओढला की कुरकुरणारा. मुक्काम जर्मनीतलं नेकारसुल्म, तिसरा मजला.

माझी पहिली मालकीण होती फ्राऊ होल्त्सआप्फेल. तिच्याकडे माझ्यात फक्त काटे-चमचे असत, आणि तेही एकाच दिशेला तोंड करून झोपत. माझ्यात कधी कुणाला काही शोधावं लागलं नाही. पाहुणे मला उघडून "वा!" म्हणत. खरं सांगू? मला फार कंटाळा यायचा.

इथे घर सोडताना माणसं स्वयंपाकघरसुद्धा उचकटून बरोबर नेतात. पण फ्राऊ होल्त्सआप्फेल वृद्धाश्रमात निघाली होती. तिथे ओटा कुठे नेणार? म्हणून तिने मला नव्या भाडेकरूंच्या हवाली केलं. जयंत गाडीच्या कारखान्यात इंजिनिअर, त्याची बायको ऊर्मिला आणि मुलगी मैत्रेयी. महिन्याभरात माझ्यात रबरबँड, अर्धी मेणबत्ती, हिंगाची डबी, सुतळी, गेल्या वर्षीची राखी आणि कुठलंच कुलूप न उघडणाऱ्या किल्ल्या येऊन पडल्या. कुकरची शिट्टीही माझ्यातच असे. ऊर्मिला एकीकडे फोनवर बोलायची, दुसरीकडे न बघता माझ्यात हात घालायची, आणि हवी ती वस्तू बरोब्बर तिच्या बोटांना लागायची. मित्रांनो, मला गुदगुल्या व्हायच्या. ते माझे सोन्याचे दिवस होते.

मग ऊर्मिलाला नोकरी लागली आणि मदतीला तिच्या सासूबाई, शैलाताई, पुण्याहून आल्या. एका सकाळी सगळे बाहेर गेल्यावर त्यांनी मला उघडलं आणि "अगं बाई!" म्हणाल्या. मला पुरतं रिकामं केलं, पुसलं, तळाशी कागद घातला. संध्याकाळपर्यंत मी पुन्हा फ्राऊ होल्त्सआप्फेलचा झालो होतो.

ऊर्मिला दमून घरी आली. कुकरमध्ये डाळ-तांदूळ लावले, झाकण घट्ट केलं, सवयीने माझ्यात हात घातला आणि थबकली.

"आई, शिट्टी कुठंय?"

"जागेवर आहे."

"कुठल्या जागेवर?"

"तिच्या," शैलाताई म्हणाल्या. मग जरा हळू, "आता ती जागा काही आठवत नाहीये बघ."

झालं! ऊर्मिलाने मला उपसलं. जयंतने वरचे दोन खण उपसले. हिंग उताणा पडला, किल्ल्या ओट्यामागे गेल्या. शिट्टी काही मिळेना. भारतातली शिट्टी इथल्या कुठल्या दुकानात मिळणार?

"अहो आई, कशाला उचकापाचक केलीत माझ्या घरात?" ऊर्मिला बोलून गेली.

"उचकापाचक?" शैलाताईंचा आवाज चिरकला. "अगं, मी आवरलं! कंबर धरली माझी." आणि मग जयंतकडे वळून, "अरे, माझं तिकीट अलीकडचं करून मिळतंय का बघ. मदत होत नाहीये माझी, अडचणच होतेय."

मी अर्धा उघडा होतो. इतकं वाईट वाटलं की मिटून घ्यावंसं वाटलं. पण खणाला स्वतःहून मिटता येत नाही.

मैत्रेयी टेबलाशी इंग्रजीचा गृहपाठ करत होती. तिच्या शिक्षिकेने वर्गात प्रत्येकाला एकेक शब्द वाटून दिला होता, त्याचा उगम शोधायला. तिचा शब्द होता 'रमिज'. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर सहसा जर्मनमध्ये देते. आज मात्र आजीसाठी तिने जमेल तसं मराठी जुळवलं.

"आजी, आल्झो, म्हणजे, माझा शब्द पण हाच आहे! रमिज म्हणजे उचका... उचका..."

"पाचक," जयंतने पुरवलं.

"गेनाऊ, बरोबर! पण पहिला मीनिंग उलटा होता. फ्रेंचमधून आला. जहाजाच्या पोटात पिंपं नीट, नीट लावून ठेवायची, ते रमिज. मग त्सोलवाले आले चेक करायला."

"कोण गं?"

"कस्टमवाले," जयंत म्हणाला.

"ते सगळी पिंपं हलवून बघायचे. मग ते पण रमिज. म्हणून आता फक्त पसारा. आजी आवरते ते रमिज, आई शोधते ते पण रमिज."

शैलाताईंनी पदराने नाक पुसलं. "म्हणजे आधी माझा अर्थ, मग हिचा," त्या म्हणाल्या.

"हो, आणि कस्टमवाली मी," ऊर्मिला म्हणाली. तिला हसू आवरेना. ती फरशीवर बसली आणि सासूबाईंना शेजारी जागा करून दिली. "चुकलं माझं, आई. दमले होते. आता सांगा बरं, पिंपं रचताना हिशेब काय होता तुमचा?"

"हिशेब कसला? सारखं सारख्याजवळ. सुतळी लोकरीच्या गुंड्याजवळ. मेणबत्ती देवघरातल्या वातींजवळ. शिट्टी..." त्यांनी तोंडावर हात ठेवला. "शिट्टी शिट्टीजवळ!"

मैत्रेयी शनिवारी छोट्या मुलांच्या फुटबॉलला पंच असते. ती धावत गेली, आपली खेळाची बॅग घेऊन आली आणि तिचा बाहेरचा कप्पा उघडला. आत पंचाची शिट्टी, आणि तिला खेटून कुकरची.

जयंत ओट्याला धरून हसला. कुकरला शिट्टी लागली, ती वाजली, आणि तिकिटाचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलाताईंनी मला पुन्हा उघडलं. आतला कालचा गोंधळ बघून त्यांचे हात शिवशिवले. पण त्यांनी आधी ऊर्मिलाला ऑफिसात फोन लावला.

"अगं, ती राखी डावीकडे ठेवू का?"

थोड्या वेळाने, "आणि किल्ल्या?"

मग, "हिंगाचं काय करू?"

"आई, मी मीटिंगमध्ये आहे," ऊर्मिला पलीकडून कुजबुजली. "हिंग राहू दे तिथेच. माझ्या बोटांना माहीत आहे तो."

मित्रांनो, खण आवरायला माझी मुळीच ना नाही. फक्त त्यात रोज ज्याचा हात जातो, त्याला आधी एकदा विचारा. मीटिंगमध्ये असला तरी.