चार खुर्च्यांची लोकशाही

रविवारी सकाळी सरांच्या घरात मतदान असे. पडदे कुठल्या रंगाचे घ्यायचे, सुट्टीत कुठे जायचे, मांजर पाळायचे की नाही, सगळे प्रश्न जेवणाच्या टेबलावर मांडले जात. आधी चर्चा, मग हात वर. सर कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. पाहुण्यांना ते अभिमानाने सांगत, "आमच्या घरात हुकूम चालत नाही, बहुमत चालतं." पाहुणे माना डोलावत. तेवढ्यात आत्या चहा घेऊन येई आणि पाहुणे कपाकडे वळत.

आत्या म्हणजे सरांची थोरली बहीण. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा गेला आणि ती माहेरी आली ती कायमचीच. आई अंथरुणाला खिळलेली, भाऊ लहान. त्याचा हात हातात धरून तिनेच त्याला अक्षरे गिरवायला शिकवले. पुढे भावाचा संसार थाटला गेला आणि ती त्या संसाराच्या स्वयंपाकघरात राहिली. टेबलाला खुर्च्या चार: सर, त्यांची बायको, मुलगा आणि धाकटी मुलगी. आत्याला "बस" म्हणायची वेळच येत नसे, कारण सगळे जेवत असताना ती गरम गरम वाढत असे. घरात तिला कुणी कधी टाकून बोलले नाही. तसे फारसे कुणी बोललेच नाही. "मीठ कमी आहे" किंवा "माझी निळी पॅन्ट कुठंय", एवढेच. ओट्याशेजारच्या रेडिओवर निवेदक सकाळी "नमस्कार" म्हणे, तेव्हा ती हातातले काम थांबवून "नमस्कार हो" म्हणत असे. दिवसभरात तिला आपणहून नमस्कार करणारा तो एकटाच होता.

त्या रविवारी धाकटीचे पहिले मत होते. अठरा पूर्ण झाल्याशिवाय मत नाही, हा सरांचा नियम. ती केस विंचरून, शाळेच्या पहिल्या दिवशी बसावे तशी ताठ बसली होती.

सरांनी घसा साफ केला. "आजचा विषय, ताईची खोली. आपल्या चिरंजीवांचं ऑफिस आता घरातूनच चालणार. त्याला खोली हवी. गावाबाहेर एकट्या बायकांसाठी एक चांगली संस्था आहे. बाग आहे, डॉक्टर येतो. भावनेच्या भरात नको, विवेकानं विचार करा."

"आणि तिथे आत्याला गप्पा मारायला कुणीतरी मिळेल," मुलगा म्हणाला. दुर्दैवाने ते खरे होते.

"आत्याला विचारलंत?" धाकटीने विचारले.

"विचारलं तर ती नाहीच म्हणणार. म्हणून तर तिच्या हिताचा विचार आपण करतोय."

"पण तिचं मत?"

"मत कुटुंबातल्यांचं असतं, बाळा."

"मग ती कोण आहे?"

आई चमच्याशी चाळा करू लागली. "आपलीच आहे गं ती. पण नियम म्हणजे नियम."

"बाजूने?" सरांनी विचारले. तीन हात वर गेले, आईचा जरा उशिरा. "विरुद्ध?"

धाकटीचा हात टेबलाखाली होता. पहिल्याच मताला बाबांच्या विरोधात कसे जायचे? हात उचलावा असे तिला फार वाटले, पण तो उचलला गेला नाही.

स्वयंपाकघराच्या दारात आत्या उभी होती. तिने हात वर केला होता. भांडी घासता घासता आली होती, हाताला साबण तसाच होता.

"ताई, तुला कळत नाहीये..."

"कळतं रे. दर रविवारी दाराआडून ऐकते. नको असलं की हात वर करायचा."

"तुझं मत धरता येणार नाही."

"धरू नकोस. नुसतं मोज."

साबणाचे पाणी तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. सरांनी टेबलाकडे पाहत निकाल सांगितला, "तीन विरुद्ध शून्य. एक तटस्थ. ठराव मंजूर." आत्याने आणखी थोडा वेळ हात तसाच ठेवला. मग फडक्याला पुसला. "कुकर लावायचाय," म्हणाली आणि आत गेली.

त्याच आठवड्यात ती संस्थेत राहायला गेली. एक पिशवी तेवढी नेली. रेडिओ घ्यायचा राहिला म्हणून धाकटी तो घेऊन फाटकाशी धावली, तर आत्या म्हणाली, "राहू दे. घर फार गप्प होईल." मग तिच्या गालावर हात ठेवून म्हणाली, "माझा राग नाही हं तुझ्यावर. तुझा पहिलाच दिवस होता."

पुढच्या रविवारी विषय होता, रिकाम्या खोलीला रंग कुठला द्यायचा. सरांनी फिकट निळ्यासाठी हात वर केला, तोच धाकटी टेबलाशी आली ती पायात चपला घालूनच.

"कुठे निघालीस?" आईने विचारले.

"आत्याला आणायला. माझ्या खोलीत राहील ती."

"त्यासाठी ठराव मांडावा लागेल," सर म्हणाले.

"नाही मांडणार. बाबा, भिंतीचा रंग खुशाल मताला टाका. माणूस मताला टाकायचा नसतो. काही हक्क बहुमतालासुद्धा काढून घेता येत नाहीत, हे तुम्हीच शिकवलंत ना मला? पुस्तकातल्या त्या ओळीखाली तुम्ही पेन्सिलीनं रेघ मारली होती."

सर काही बोलणार तोच आई उठली. "थांब गं, मीही येते."

"अगं, तूसुद्धा?"

"अहो, उद्या तुमच्यामागे मी एकटी राहिले, तर माझ्यासाठी कोण हात वर करणार? त्या दिवशी मी माझ्याविरुद्धच मत दिलं."

दोघी गेल्या. मुलगा कुणाचा तरी फोन आल्याचे निमित्त करून उठला. संध्याकाळी सरांचे व्याख्यान होते, विषय होता 'विवेकाचा प्रकाश घराघरांत'. दिव्याखालचा अंधार दिव्याला दिसत नाही, पण त्या सकाळी सरांना तो दिसला. फिकट निळ्या रंगासाठी वर केलेला त्यांचा हात अजून वरच होता आणि मोजायला समोर कुणी नव्हते.

आत रेडिओ चालू होता. निवेदक म्हणाला, "नमस्कार."