सरकारी बंदोबस्तातली अंबाडी

"वहिनी, तुमची अंबाडी कुजवायला तळं कशाला पाहिजे? तुम्ही नुसतं तिच्याकडे रोखून बघा, ती आपोआप कुजेल."

धाकटा दीर भर बैठकीत हे बोलला आणि अख्खं गाव हसलं. हसण्यासारखं होतं, हे थोरलीलाही मान्य होतं. तेच तर तिला सहन होईना. एवढं चांगलं वाक्य त्या माणसाच्या तोंडात वाया गेलं होतं.

थोरली म्हणजे दोरवाल्याची बायको. दोरवाला दिवसभर अंगणात दोर वळायचा आणि बोलायचं खातं त्याने लग्नातच बायकोकडे सोपवलं होतं. दोर लागतो अंबाडीचा, अंबाडी पिकायची त्यांच्या रस्त्याकडेच्या शेतात. त्याच्या मागचं शेत धाकट्याचं. धाकट्याने यंदा कंपनीकडून बी आणून औद्योगिक भांग लावली होती आणि शेताच्या तोंडाशी स्वतःचा हसरा फोटो असलेला मोठा बॅनर उभा केला होता. 'परवानाधारक भांग. नशा नाही, फक्त धागा.' तेव्हापासून गाव त्यालाच बॅनर म्हणायला लागलं.

भांडण तळ्यावरून होतं. धाग्याचं पीक कापायचं, भारे बांधून पाण्यात बुडवायचे, साल सडली की धागा सोलून काढायचा. गावात तळं एकच आणि त्यात एका वेळी एकाचंच पीक मावायचं.

"भांगेच्या धाग्याचं कापड होतं," बॅनर बैठकीला समजावत होता. "कागद होतो. घराच्या विटासुद्धा होतात. अंबाडीचं काय होतं? पोतं. आणि पोत्याचं पुढे काय होतं? फाटतं."

"पोत्यात धान्य राहतं, भावजी," थोरली म्हणाली. "तुमच्या विटांत कोण राहणार?"

"जग त्या दिशेने चाललंय, वहिनी."

"जाऊ दे की. बी कंपनीचं, भाव कंपनीचा, परवाना सरकारचा. उद्या तपासणीत नशेचा अंश जरा जास्त निघाला, तर उभं पीक जाळायचं. त्यात तुमचं काय आहे?"

"फोटो आहे," मागून कुणीतरी म्हणालं.

"कंपनीला पाण्यातच कुजवलेला धागा लागतो," बॅनर घाईने म्हणाला. "म्हणून यंदा तळं भांगेला द्या."

"द्या ना, पण माझ्यानंतर. माझी अंबाडी कळ्यांवर आलीय. आता नाही बुडवली तर ताठून तिचं लाकूड होईल. दोराचं सोडा, झाडूसुद्धा व्हायचा नाही. वर्ष जाईल आमचं."

तेव्हा बॅनर ते वाक्य बोलला. हसू ओसरायच्या आत त्याने हात वर करायला सांगितले. कंपनीने आदल्या आठवड्यात गावभर फुकट टोप्या वाटल्या होत्या. ज्या ज्या डोक्यावर टोपी होती त्याचा हात वर गेला. तळं भांगेला मिळालं.

थोरली घरी आली आणि तिने अपमान गिळून बघितला. तो घशाखाली उतरेना.

"फोन करते," ती नवऱ्याला म्हणाली.

"कुणाला?"

"नशेच्या पिकांवर धाड घालतात त्या लोकांना. गांजा लावलाय म्हणून सांगते."

"त्याच्याकडे परवाना आहे."

"असू दे. पण परवाना सापडेपर्यंत पोलीस त्याच्या शेतात नाचतील का नाही? गाव बघेल का नाही? मला तेवढंच पाहिजे. त्याच्या पिकातून बूट जायला पाहिजेत."

दोरवाल्याने दोराला आणखी एक पीळ दिला. त्याच्या भाषेत याचा अर्थ 'तुझं तू बघ' असा होता.

थोरलीने फोनवर पुरुषी, घोगरा आवाज काढला. तो इतका जमला की पलीकडचा माणूस म्हणाला, "बोला मावशी." तिने जिद्द सोडली नाही. त्याच आवाजात गावाचा पत्ता दिला आणि शेताची खूण सांगितली, "माणसापेक्षा उंच पीक, पंजासारखी पानं. गावात शिरलं की दिसेलच." रागाच्या भरात एक गोष्ट तिच्या ध्यानातून पार गेली. अंबाडीही माणसापेक्षा उंच असते, तिचीही पानं पंजासारखीच असतात आणि गावात शिरलं की पहिलं दिसतं ते रस्त्याकडेचं शेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीभर पोलीस आले आणि थोरलीच्या अंबाडीत घुसले.

"साहेब, ही अंबाडी आहे," थोरली धावत जाऊन म्हणाली.

"गांजा लावणारा प्रत्येक जण असंच म्हणतो," साहेब म्हणाला. तरुण होता, नवा होता आणि ही त्याची पहिलीच धाड होती. "मागे परवान्याची भांग कापून ठेवलीय, बॅनर लावलाय. इथे बॅनर कुठाय?"

"अंबाडीला कोण बॅनर लावतं?"

"बघा. म्हणजे परवाना नाही."

थोरलीने कपाळाला हात लावला. याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण, आणि तेही स्वतःच्या खर्चाने फोन करून. तेवढ्यात बॅनर आला. साहेबाने त्याला ओळखलं, फोटोवरून.

"तुम्ही जाणकार दिसता. हे पीक कसलं आहे?"

बॅनरने अंबाडीकडे बघितलं. मग वहिनीकडे. आयुष्यभर तो अंबाडीच्या बांधावर वाढला होता, चालायला शिकला होता तो अंबाडीच्याच दोराला धरून. त्याने एक पान तोडलं, उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं.

"मी काय सांगणार, साहेब?" तो म्हणाला. "घरचाच मामला आहे. पण पानं तर तशीच दिसतात."

"भावजी, एवढं खोटं बोलू नका."

"मी कुठे बोललो, वहिनी? मी पानाबद्दल बोललो." आणि तो साहेबासाठी चहा सांगायला हसत हसत घरी निघून गेला. घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं आणि चहा चांगलाच व्हायला पाहिजे होता.

पोलिसांनी पीक उपटायला सुरुवात केली. थोरली बांधावर बसून बघत राहिली. सूड तिने मागवला होता, पण तो तिच्याच दारात उतरला होता.

साहेबाने पहिला ढीग पेटवायला लावला. ओली अंबाडी पेटेना, नुसता धूर निघाला. धुराजवळचा हवालदार खोकला, मग हसला, मग खाली बसून म्हणाला, "साहेब, मला चढली."

"काय चढली?"

"डोकं हलकं वाटतंय. आईची आठवण येतेय."

त्याचं बघून आणखी दोघांना चढली. एक जण तर गाणं म्हणायला लागला, बरं म्हणत होता. अंबाडीच्या धुराने चढलेली ती जगातली पहिली माणसं असावीत.

"आग विझवा," साहेब घाबरून ओरडला. "अख्खं गाव नशेत जाईल. दुसरा उपाय काय?"

थोरली बांधावरून उठली. तिच्या डोक्यात काहीतरी हललं होतं. ती साहेबासमोर जाऊन हात जोडून उभी राहिली आणि तिने डोळ्यांत पाणी आणलं. ते आणायला तिला कष्ट पडले नाहीत. भर बैठकीतलं ते हसू आठवलं की झालं.

"साहेब, चुकले. काय शिक्षा द्यायची ती द्या. पण तेवढं तळ्यात बुडवू नका."

"तळं आहे इथे?"

"आहे. पण नका ना. पाण्यात गेलं की पीक संपलं."

"अगं, पण तळ्यात तर आपण..." दोरवाल्याने महिन्याभरातलं सगळ्यात लांब वाक्य सुरू केलं. थोरलीने त्याच्या पायावर पाय दिला.

"तळ्यात बुडवा," साहेबाने हुकूम दिला.

"निदान पानं तरी राहू द्या."

"पानांतच नशा असते. पानं सगळी झाडून घ्या, पुरावा म्हणून नेऊ."

पोलिसांनी पानं झाडली. एरवी या कामाला थोरलीला मजूर लागायचे.

"असे सुटे टाकलेत तर लोक चोरून नेतील," ती हुंदका देत म्हणाली. "या गावात कुणाचा भरवसा नाही. मुठीत मावतील तेवढे भारे बांधले तरच मोजता येतील. बुडखे एका बाजूला ठेवले तर..."

"भारे बांधा," साहेब म्हणाला. "बुडखे एका बाजूला."

"आणि तरंगले म्हणजे?"

"वर दगड ठेवा."

दगड ठेवले. बोटभरही वर राहिलं नाही. दोरवाल्याच्या हातूनसुद्धा इतके एकसारखे भारे कधी बुडले नव्हते. हुकूम आहे म्हटल्यावर माणूस मन लावून काम करतो.

चहाची किटली घेऊन बॅनर तळ्यावर आला तेव्हा शेवटचा दगड पडत होता. त्याने पाण्याकडे बघितलं. त्याच्या तोंडावरचं हसू आधी गेलं आणि मग किटली कलली.

"साहेब, ही अंबाडी आहे."

"मघाशी तुम्हीच म्हणालात, पानं तशीच दिसतात."

"ते मी... साहेब, अशीच कुजवतात तिला. हे तळं माझं आहे. तळं मिळालं म्हणून माझी भांग कालच कापून घेतली, ढीग लागलेत. ते उद्या टाकायचेत."

"म्हणजे तुम्ही मघाशी खोटं बोललात की आत्ता बोलताय?"

बॅनरला दोन्हींतलं एकही उत्तर परवडणारं नव्हतं.

"प्रयोगशाळेचा निकाल येईपर्यंत तळं सील," साहेब म्हणाला. "कुणी हात लावायचा नाही."

चारी बाजूंनी दोरी ओढली गेली. दोरी दोरवाल्याकडूनच आणली. पहाऱ्याला तोच हवालदार ठेवला, ज्याला चढली होती. पुढे पंधरवडाभर तो नाकाला रुमाल बांधून तळ्याकाठी बसून राहिला आणि वास जसजसा वाढला, तसतसा गांजा फार वाईट असतो हे त्याला पटत गेलं.

मधे पाऊस झाला. भांगेचे ढीग शेतात पडून होते. ते भिजले, आतून तापले आणि त्यातून वाफ यायला लागली. बॅनरने ते उलटले, पालटले, वर कापड टाकलं. कंपनीचा माणूस आला, ढिगात हात घातला, बाहेर काढून हुंगला आणि गाडीकडे गेला. जाताना बॅनरच्या डोक्यावरची टोपी तेवढी परत मागून घेतली. थोरली रोज त्या ढिगांशेजारून जायची. तिचा रस्ता तिथून नव्हता.

शेवटी निकाल आला. गांजा नाही. साहेब स्वतः आला, ओशाळला होता.

"बाई, चूक झाली. तुमचं पीक पाण्यात गेलं."

"जाऊ दे, साहेब," थोरली म्हणाली. "माणसाकडूनच चुका होतात."

दुसऱ्या दिवशी भारे बाहेर निघाले. साल हात लावताच सुटत होती. धागा धुतला तसा दुधासारखा पांढरा झाला. हवालदारही सोलायला बसला. एवढे दिवस राखलेलं पीक त्याला आपलंच वाटायला लागलं होतं.

थोरली शेवटचा भारा धूत होती, तेव्हा बॅनर डोक्यावर काळा पडलेला भांगेचा भारा घेऊन काठावर आला.

"वहिनी, तळं मोकळं झालं का?"

पंधरवडाभर तिने या क्षणासाठी बोलणं जुळवलं होतं. म्हशीला दोनदा म्हणूनही दाखवलं होतं. पण तो भारा बघितल्यावर तिला त्याची गरज वाटली नाही.

"झालं की. या," ती म्हणाली. ती पाण्यात आणखी पुढे गेली आणि तिने भाऱ्याचं दुसरं टोक धरलं. "एकट्याने नका उचलू. पाठ धरेल."

दोघांनी मिळून भारा पाण्यात सोडला. सोडताना तो हातातच तुटला. काड्यांचा लगदा झाला, पाणी काळं पडलं आणि तुकडे वेगवेगळ्या दिशांना तरंगत निघाले. धागा म्हणावं असं त्यात काही नव्हतं. बॅनर गुडघाभर पाण्यात त्या तुकड्यांकडे बघत उभा राहिला.

"दुसरा आणा," थोरली म्हणाली.

"वहिनी..."

"आहेत ना अजून?"

"आहेत."

"मग आणा, भावजी. सगळे आणा. मला काही घाई नाही."

आणि शेवटचा भारा हातात फुटेपर्यंत ती तळ्यातून बाहेर आली नाही.