मुकादम गाडीवर बसायला शिकला

कुत्र्यांचं मला काडीचं कौतुक नाही, हे आधीच सांगते. लग्न होऊन घोडपदेवच्या आमच्या चाळीत आले तेव्हापासून जिन्याखाली कुठलं ना कुठलं कुत्रं पडलेलं असतंच, आणि त्याला ओलांडून मी पाणी भरत आलेय. मुकादमही त्यातलाच. हे नाव आमच्या ह्यांनी ठेवलं. हे गिरणीत होते. हा मेला जिन्याच्या तोंडाशी बसून कोण आलं, कोण गेलं, कोणाला उशीर झाला ते बघत असायचा, म्हणून मुकादम.

आषाढात त्याच्या मागच्या पायांमध्ये गाठ आली आणि जिन्यात रक्ताचे थेंब दिसायला लागले. चाळीतले चार शहाणे म्हणाले, म्युन्सिपाल्टीला फोन करा, येऊन घेऊन जातील. माझं डोकंच सटकलं. म्हटलं, उद्या तुमच्या म्हाताऱ्याला रक्त पडलं तर कोणाला फोन लावणार? पण एकदा एवढं बोलून बसल्यावर आता मलाच काहीतरी करणं भाग होतं.

माझ्या मुलाने, हितेंद्रने, ओळखीच्या भाजीवाल्याची हातगाडी आणली आणि तिच्यावर निजवून आम्ही मुकादमाला परळच्या जनावरांच्या हॉस्पिटलात नेलं. नम्रता डॉक्टर म्हणून एक मुलगी होती. तिने गाठ तपासली, म्हणाली, "काकी, हा बरा होणार. पण दर आठवड्याला इंजेक्शन. एकही चुकवायचं नाही, नाहीतर गाठ परत धरेल."

दर आठवड्याला कसं नेणार? हातगाडी काय रोज मोकळी नसते. टॅक्सीवाले लांबूनच हात हलवायचे. एकाने थांबवली, काच खाली केली, मुकादमाकडे बघितलं आणि काच वर केली. राहिली हितेंद्रची मोटरसायकल. त्याने मला न विचारता एका सकाळी मुकादमाला टाकीवर घेतलं आणि निघाला. पहिल्याच वळणावर मुकादमाने उडी मारली, हनुवटी सोलून घेतली. हितेंद्रवर मी जी काय ओरडले, ती पलीकडच्या चाळीत ऐकू गेली.

"आधी शिकवा त्याला," डॉक्टर म्हणाली. "उभ्या गाडीवर बसू दे. मग इंजिनाच्या आवाजाची सवय. मग अगदी हळू. घाई केलीत तर गाडी बघूनच पळेल. आणि पट्टा गळ्यात नको हं, गळफास बसेल. छातीला बांधा."

गावाला न्यायच्या जुन्या बॅगेचे पट्टे कापून मी मशीनवर त्याच्या छातीपोटाला बसेल असा पट्टा शिवला. गाडीच्या सीटवर गोधडीची घडी बांधली, पाय सरकू नयेत म्हणून. पट्ट्याचं दुसरं टोक गाडीला बांधू, असं हितेंद्र म्हणत होता.

"का? गाडी आडवी झाली तर त्यानेही तिच्याबरोबर फरपटत जायचं? माझ्या कमरेला बांध."

"आई, तू बसणार मागे?"

"मग कोण, तुझा बाप बसणार? गुडघे बघ त्याचे."

बोलले खरी, पण मोटरसायकलवर मी उभ्या जन्मात बसले नव्हते. मुकादमाला मी खोबऱ्याचा तुकडा देऊन बसवायचे, आणि स्वतःला शिव्या देऊन.

शिकवणी चाळीच्या अंगणात सुरू झाली. आता आमच्याकडे साधा गॅसचा सिलिंडर वर चढवायचा तरी ‘गणपती बाप्पा मोरया’ म्हटल्याशिवाय कोणी हात लावत नाही. त्यामुळे मुकादम ओट्यावरून सीटवर चढला की गॅलरीतून सगळे ओरडायचे, "गणपती बाप्पा मोरया!" आणि त्याला खोबरं मिळायचं. थोड्याच दिवसांत ‘मोरया’ म्हटलं की हा टुणकन वर. मग खाली कसं उतरवायचं? शेजारच्या शेवंती वहिनींना भारी सुचलं. त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी लवकर या!" सगळी चाळ खो खो हसली. मुकादम उतरला, त्याला खोबरं मिळालं, आणि तेच कायम झालं. मीही हसले. खोटं कशाला बोलू?

मग इंजिन सुरू. मग अंगणात एक फेरी, मग देवळापर्यंत. तोवरच्या इंजेक्शनांना भाजीवाल्याची मिनतवारी करून हातगाडीच नेली. हितेंद्र पुढे, मधे मुकादम, मागे डोक्यावर हेल्मेट घालून मी. मुकादमाने हितेंद्रच्या पाठीला छाती टेकवायची आणि मी दोन्ही बाजूंनी त्याला गुडघ्यांत धरायचं. त्याचं काळीज धडधडायचं ते मला पोटाला कळायचं. माझं त्याला कळत असणारच.

श्रावणभर एकही इंजेक्शन चुकलं नाही. गाठ सुकत आली, जिन्यातलं रक्त थांबलं. लालबागवरून जाताना मोठ्या गणपतींची आगमनं लागायची, ढोल, गर्दी, ‘मोरया, मोरया’. आणि मुकादम? वर बसलेलाच होता, तो आणखी ताठ बसायचा. बसमधली माणसं बोट दाखवायची. मला मेलीला केवढा अभिमान!

शेवटचं इंजेक्शन गणपतीच्या दुसऱ्या दिवशी आलं. गणपतीला सगळी चाळ कोकणात जाते, रिकामी होते अगदी. लग्न झाल्यापासून माझा गावचा गणपती कधी चुकला नव्हता. हे म्हणाले, "एका इंजेक्शनाने काय होतं?" मी त्यांची एकट्याची पिशवी भरून दारात ठेवली. मग हे एकटेच गेले, मी आणि हितेंद्र राहिलो.

आणि तिथेच आमची अक्कल गहाण पडली. दीड दिवसाचं मुंबईचं विसर्जन मी कधी पाहिलंच नव्हतं, दरवर्षी गावाला! दुपारी लालबागच्या पुलाखाली सिग्नलला थांबलो, तर शेजारी टेम्पो. त्यात घरचा गणपती, बायका, झांजा. "गणपती बाप्पा मोरया!" मुकादम ताठ झाला. आणि पुढे काय म्हणणार ते माझ्या एकदम लक्षात आलं. मी ओरडले, "अहो, नका, नका म्हणू!"

झांजांच्या आवाजात कोण ऐकतंय? "पुढच्या वर्षी लवकर या!"

मुकादमाने उडी मारली. कमरेला पट्टा, त्यामुळे मीही त्याच्यामागे. सिग्नल नुकता सुटला होता, हितेंद्रचा तोल गेला, गाडी आडवी. माझं कोपर फुटलं. नशीब, मागचा टॅक्सीवाला कचकन थांबला. टेम्पोतल्या बायका धावत उतरल्या, मला उचलून फुटपाथवर बसवलं, पाणी दिलं. मी मुकादम कुठे म्हणून बघते, तर हा माझ्यापुढे सरळ बसलेला, मान वर करून. खोबऱ्याची वाट बघत.

मला भडभडून आलं. त्याचं काय चुकलं होतं? आम्ही शिकवलं तसंच तर तो वागला. "राजा माझ्या, शहाणा तो," म्हणत मी खोबरं दिलं आणि सगळ्यांसमोर त्याच्या मानेत तोंड घालून रडले.

पण परत बसेना. हितेंद्रने गाडी फुटपाथला लावली, सीट थोपटली, ‘मोरया’ म्हटलं. मुकादम शेपूट पायांत घालून दुकानाच्या शटरला चिकटला. गाडी आपटल्याचा आवाज त्याच्या कानात बसला होता. हॉस्पिटल बंद व्हायला आलं होतं. हितेंद्र म्हणाला, "आई, उचलून टाकतो त्याला."

"खबरदार हात लावलास तर! आज जबरदस्ती केलीस तर हा जन्मात चढणार नाही."

खरं सांगू? मलाही चढायचं नव्हतं. कोपरातून रक्त येत होतं. मी मुकादमाकडे बघितलं, तर तो गाडीकडे बघतच नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, ही आता काय करते म्हणून.

मग मी आधी बसले. सगळं बळ गोळा करून बसले, हितेंद्रच्या मागे जागा सोडली आणि काहीच म्हटलं नाही. ना मोरया, ना खोबरं. नुसते हात पुढे केले. मुकादम शटरपासून सुटला. फुटपाथच्या कडेला आला, थांबला, माझी चप्पल हुंगली. आणि पुढचे दोन पाय माझ्या मांडीवर ठेवून चढला. हितेंद्रच्या पाठीला नाही टेकला. उलटा फिरून माझ्या छातीला टेकला, तोंड माझ्या पदरात. हितेंद्रने गाडी इतकी हळू नेली की सायकलवाले पुढे गेले.

इंजेक्शन झालं. डॉक्टरने गाठीची जागा दाबून बघितली आणि म्हणाली, "काकी, संपलं. आता येऊ नका." माझ्या कोपरालाही तिनेच पट्टी बांधली.

बाहेर आले तर ह्यांचा फोन. गावाला गेले की हे मालवणीवर येतात. "काय गो, झाला इंजेक्शन?"

"झालं," म्हटलं. "तो बरा झाला." आणि हुंदकाच फुटला.

"मगे रडतंस कित्याक?"

"अहो, तो घाबरला होता. तरी चढला. खोबऱ्याला नाही, माझ्याकडे बघून चढला. इतक्या वर्षांत एवढा भरवसा माझ्यावर कोणी टाकलाय का? तुम्ही तरी टाकलात?"

पलीकडे आरतीच्या टाळ्या ऐकू येत होत्या. मग हे हळूच म्हणाले, "टाकलंय मा गो. मुकादमाक तुझ्याकडे सोडून गावाक इलंय, ता काय उगाच?"