बाबा ठणठणीत

ताईने सत्तावीस वर्षं लोकांना दात करून दिले. ती डॉक्टर नव्हती. डॉक्टर लोक म्हाताऱ्यांच्या जबड्याचा साचा घेऊन लॅबमध्ये पाठवायचे आणि ताई मेणात एकेक दात बसवून कवळी तयार करायची. शहरातले निम्मे आजी-आजोबा तिच्या हातचं हसत होते, आणि रस्त्यात समोर आले तर तिला ओळखत नव्हते. लॅब म्हणजे एका बँकेच्या मागची लांबट खोली. सगळीकडे प्लास्टरची पांढरी धूळ, पॉलिशच्या मोटरची घरघर, वितळलेल्या मेणाचा वास. ताईला ती खोली घरापेक्षा बरी वाटायची, कारण तिथले दात बोलत नसत.

घरी बाबा बोलत. ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. छत्तीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासले, खोटी वजनं जप्त केली आणि सगळ्या बाजारपेठेचे शिव्याशाप खाल्ले. त्यांना त्याचा अभिमान होता. एक्क्याऐंशीव्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेल्यासारखाच झाला. जीभ मात्र झटक्यालाही पुरून उरली.

सुरुवातीला दिवसा बाई ठेवून पाहिली. पहिली चार दिवसांत गेली, कारण बाबा तिची येण्याची वेळ मिनिटासकट वहीत लिहीत, तेही डाव्या हाताने, त्यामुळे एकेका नोंदीला दहा मिनिटं लागत आणि तेवढा वेळ तिला समोर उभं ठेवत. दुसरी जरा जास्त टिकली. तिसरी खुर्चीत झोपली असताना बाबा एकटेच बाथरूमकडे निघाले आणि पडले. ताई कामावरून धावत आली, तोवर ते दीड तास ओल्या फरशीवर होते.

मग भावंडांची फोनवर बैठक झाली. दादा दुसऱ्या गावी असायचा, त्याचं फरशांचं मोठं दुकान होतं. धाकटी त्याहूनही लांब. दोघांनीही अतिशय मोठ्या मनाने ठरवलं की ताईने नोकरी सोडावी. आयजीच्या जिवावर बायजी उदार म्हणतात ते हेच. दादा म्हणाला की तू तशीही एकटीच आहेस. धाकटी म्हणाली की वडिलांची सेवा करायला मिळणं म्हणजे भाग्य, केवढं पुण्य आहे ते.

"पुण्य महिन्याच्या कितव्या तारखेला जमा होतं?" ताईने विचारलं.

धाकटीला गॅसवरचा कुकर आठवला, तिने फोन ठेवला. दादा मात्र चार दिवसांनी मोठा शोध लागल्यासारखा उत्साहात परत आला. म्हाताऱ्या आईवडिलांसाठी नोकरी सोडणाऱ्याला सरकार भत्ता देतं म्हणे. काळजीवाहू भत्ता. काळजीवाहू हा शब्द ताईने तोवर फक्त पडलेल्या सरकारांबद्दल ऐकला होता. इथे पडले होते बाबा, पण ठीक आहे.

अर्ज एकोणीस पानी होता. त्यात मेख अशी, की आधी नोकरी सोडल्याचा दाखला जोडायचा, मग भत्ता मिळतो का ते बघायचं. म्हणजे आधी उडी मारा, खाली पाणी आहे का ते कळवू. ताईने उडी मारली. लॅबचा मालक मितभाषी माणूस होता. त्याने दाखल्यावर सही केली आणि म्हणाला, तुझं टेबल मी कुणाला देत नाही. चौदाव्या प्रश्नात आठवड्याला किती तास काळजी घेता असं विचारलं होतं. ताईने एकशे अडुसष्ट लिहिलं. खिडकीतल्या कारकुनाने तो अर्ज परत केला. उत्तराला चौकटी दोनच होत्या, तीन आकडे बसत नव्हते. त्याच्या सल्ल्याने तिने नव्याण्णव लिहिलं आणि उरलेले एकोणसत्तर तास सरकारला बक्षीस देऊन टाकले.

मग एका मंगळवारी सकाळी अकराला घरी पाहणी ठरली. बाबा त्या दिवशी साडेसहालाच उठून बसले. दाढी करून दे, म्हणाले. पांढरा शर्ट इस्त्रीचा हवा. पट्टा. बूट. घरात बूट कशाला, असं ताईने विचारलं, तर त्यांनी असं पाहिलं, जसं पूर्वी तेलाच्या मापाला पोचा पाडणाऱ्या दुकानदाराकडे पाहत असतील. अकरा वाजता ते जेवणाच्या टेबलाशी ताठ बसले होते, मेलेला हात मांडीवर असा ठेवून, की वाटावं मुद्दाम ऐटीत ठेवलाय.

तपासनीस बाई तरुण होती, हातात टॅब. तिने नम्रपणे विचारलं, आंघोळ स्वतः करता का?

"रोज," बाबा म्हणाले. "थंड पाण्याने."

कपडे? स्वतः. औषधं? घड्याळाच्या काट्यावर. चालणं? बाबा टेबलाला धरून उभे राहिले आणि सहा पावलं चालले. गेल्या पाच महिन्यांत ते सहा पावलं चालले नव्हते. ताईचा जीव टांगणीला लागला होता, आणि तरी त्या क्षणी तिला टाळ्या वाजवाव्यात की टेबल ओढून घ्यावं, कळेना. मग स्वयंपाकाचा प्रश्न आला.

"मीच करतो," बाबा म्हणाले. "हिला काही येत नाही."

ताई बोलायला लागली, तर बाई म्हणाली, मॅडम, मी त्यांना विचारतेय. बाबांनी मान हलवून तिच्या शिस्तीला दाद दिली आणि जाताना तिला दारापर्यंत सोडायचीही तयारी दाखवली. ती गेली आणि बाबा खुर्चीत वितळले. पुढचे दोन तास त्यांना उठता आलं नाही. पँट बदलावी लागली. ताई गुडघ्यांवर बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या सोडत होती, तेव्हा ते वरून खूश होऊन म्हणाले, कशी गार पडली बघितलंस? हात दाखवून अवलक्षण करून घेणारे ताईने पाहिले होते, पण हात चालत नसताना दाखवणारा हा पहिलाच.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. अर्ज नामंजूर. कारण असं, की सदर ज्येष्ठ व्यक्ती दैनंदिन व्यवहारांत पूर्णतः स्वावलंबी असून अर्जदाराचा स्वयंपाकही तीच करते. ताईने ते मोठ्याने वाचून दाखवलं. बाबांनी दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं.

एव्हाना तिची शिल्लक तळाला गेली होती. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. तिने आधी मालकाला फोन केला. दहा दिवस कामावर येऊ का? तो म्हणाला, चोवीस जबडे तुंबलेत, आजच ये. मग तिने दादाला फोन केला. सोमवारपासून मी कामावर जातेय, सांगितलं. सरकारने लेखी दिलंय की बाबा ठणठणीत आहेत. तुला पटत असेल तर येऊ नकोस.

दादा रविवारीच आला. येताना बाबांसाठी व्यायामाचा चेंडू आणि ताईसाठी भरपूर सूचना घेऊन आला. आजवर उंटावरून शेळ्या हाकल्या होत्या, आता पहिल्यांदाच खाली उतरला होता. सोमवारी त्याने बाबांना वेळापत्रक करून दिलं. बाबांनी त्यातल्या चुका काढल्या. मंगळवारी त्याने बाबांना आंघोळ घातली, म्हणजे दोघांनी एकमेकांना घातली, आणि उचलताना दादाच्या कमरेत उसण भरली. बुधवारी संध्याकाळी ताई घरी आली तेव्हा तो स्वयंपाकघरात जमिनीवर बसून बाबांसाठी कुस्करलेलं थंड जेवण पातेल्यातूनच खात होता. आतून बाबा हाका मारत होते.

"मघाशीच तर जाऊन आलो," तो म्हणाला. "चौदाव्यांदा." आणि जरा वेळाने, तिच्याकडे न बघता, "तू हे कसं करतेस गं?"

ताईने पर्स खुंटीला लावली. "बस तू," म्हणाली आणि आत गेली. इतक्या वर्षांत भावाने तिला विचारलेला हा पहिला प्रश्न होता ज्याचं उत्तर त्याला आधीपासून माहीत नव्हतं. तिला बरं वाटलं आणि बरं वाटल्याचा रागही आला.

अपील दादाने स्वतः लिहिलं. चार पानं. त्यात शुद्धलेखन यथातथाच होतं, पण पोटतिडीक खरी होती, आणि सोबत त्याने स्वतःच्या कमरेचा एक्सरेही जोडला. सुनावणीची तारीख आली. आता प्रश्न बाबांचा होता. सुंभ जळला तरी पीळ जात नव्हता. मी कुणापुढे लुळापांगळा म्हणून उभा राहणार नाही, म्हणाले.

ताई त्यांची नखं कापत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "बाबा, पारड्याखाली चुंबक लावणारे तुम्ही आयुष्यभर पकडलेत. त्या मंगळवारी तुम्ही तेच केलंत. आणि माप माझं मारलंत."

बाबा दोन दिवस बोलले नाहीत. घरात इतकी शांतता झाली की शेजारीण चौकशी करून गेली.

सुनावणी तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट होती, पण व्हीलचेअर पावलं ठेवायच्या पट्ट्या काढल्याशिवाय आत मावत नव्हती. अपंगांच्या अर्जांचं कार्यालय होतं ते, त्यामुळे कुणाला आश्चर्य वाटलं नाही. दादाने बाबांचे पाय हातात धरले आणि तो लिफ्टमध्ये त्याच ओणव्या अवस्थेत तीन मजले वर गेला. आत तीन जणांची समिती. अध्यक्षांनी पहिला अहवाल वाचला. दादाने घसा साफ करून भाषण सुरू केलं, तेवढ्यात बाबांनी डावा हात वर केला.

"मागच्या वेळी मी खोटं वजन दाखवलं," ते म्हणाले. "नोंद करा. मला संडासातून उठता येत नाही. ही उठवते. धुतेही तीच. लेकीपुढे लाज सोडावी लागली, ती सोडली. त्या दिवशी परक्या मुलीपुढे नाही सुटली."

कुणीतरी पेन खाली ठेवलं. बाबा पुढे म्हणाले की हिची नोकरी माझ्यामुळे गेली, हिच्या हातात कला आहे, माझं निवृत्तिवेतन माझ्या औषधांनाच पुरत नाही. आजवर मी कुणाकडे काही मागितलं नाही, आता मागतोय, हिच्यासाठी. ताई खिडकीकडे बघत राहिली. समितीतल्या एका गृहस्थाने, बहुधा वातावरण हलकं करायला, विचारलं की मग स्वयंपाकाचं काय?

"मला चहासुद्धा येत नाही," बाबा म्हणाले. "कधीच येत नव्हता."

भत्ता मंजूर झाला. जुन्या महिन्यांचा नाही, अपिलाच्या महिन्यापासून, आणि पगाराच्या निम्म्याहून कमीच. तरी तो दर महिन्याला येणार होता. उरलेली तूट दादा आणि धाकटीने मिळून भरायचं ठरलं. धाकटीने यावर सहा मिनिटांचा ध्वनिसंदेश पाठवला, की प्रेमाची किंमत पैशात कशी करायची. त्याला उत्तर ताईने दिलंच नाही. दादाने दिलं: तू तीन दिवस येऊन राहा. दुसऱ्या दिवशी धाकटीचे पैसे आले.

अधिकाऱ्याने नियम पाहून सांगितलं की आठवड्याला थोडे तास घरबसल्या काम केलं तर भत्ता बुडत नाही. मग लॅबच्या मालकाने मेण, बर्नर आणि आठवड्याला चार जबडे घरी पाठवायला सुरुवात केली. ताई खिडकीशी बसून दात लावते आणि बाबा खुर्चीतून समोरचे दोन वाकडे आहेत असं सांगतात. कधी कधी असतातही. मग ती मुकाट्याने सुरी तापवते आणि ते काढून पुन्हा बसवते. संध्याकाळपर्यंत बाबा त्याबद्दल दोनदा तरी बोलतात.

दर दुसऱ्या रविवारी दादा येतो, कमरेला पट्टा बांधून. तो आला की ताई चपला घालते आणि दोघांचा वाद सुरू व्हायच्या आत बाहेर पडते. पहिल्या रविवारी ती सिनेमाला गेली. कोणता ते तिने पाहिलंही नाही. दिवे मालवले तशी तिला झोप लागली. जाग आली ती खांद्याला कुणी हलवल्याने. सगळं थिएटर रिकामं होतं आणि टॉर्चवाला समोर उभा होता.

"पुढचा खेळ कितीला आहे?" ताईने विचारलं. तो वीस मिनिटांनी होता. तिने खाली जाऊन त्याचंही तिकीट काढलं.