अठरा कार्बनचा हट्ट

वरच्या मजल्यावरच्या साहेबांनो, गोळीतली अशुद्धी तुम्ही लपवली नाहीत. ती ज्या नळीत दिसली असती, ती नळीच तुम्ही येऊ दिली नाहीत. हात किती स्वच्छ राहिले!

सहाब शहरातल्या त्या कारखान्यात रक्तदाबाच्या नव्या गोळीची तपासणी इन्साफ या तरुण केमिस्ट मुलीकडे होती. काम साधं. पोलादी नळीत बारीक पूड ठासलेली. तिच्यातून औषधाचं द्रावण दाबाने सोडायचं. पुडीवरच्या लेपाला जो पदार्थ चिकटतो तो रेंगाळतो, बाकीचे पुढे पळतात. कोण कोणापासून सुटणार, हे लेप ठरवतो. वरच्या मजल्यावरच्या समितीला लेप ठाऊक एकच, अठरा कार्बनच्या शेपट्यांचा. "तुलना करून निवडा," असा हुकूम सोडून समितीने पाच नळ्या पाठवल्या. कंपन्या पाच, खोकी पाच रंगांची, आत लेप तोच. पाच सख्खे भाऊ साक्षीला बोलवायचे आणि साक्ष जुळली म्हणून पेढे वाटायचे!

साक्ष जुळलीच. पाचही आलेखांत एकच देखणा सुळका, म्हणजे गोळीत पदार्थ एकच. इन्साफला मात्र तो फार देखणा वाटला. औषध बनवताना क्लोरीनचा अणू शेजारच्या जागी बसला, तर औषधाचा जुळा भाऊ तयार होतो, आणि अठरा कार्बनला जुळे ओळखू येत नाहीत.

यंत्रं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या अबू रकानने विद्यापीठातून एक जुनी नळी मागून आणली. "हिच्या लेपात बेंझिनची कडी आहे, पोरी. झिजलीय, पण खोटं बोलत नाही."

सुळका फुटला. एकाचे दोन झाले.

विभागप्रमुख डॉक्टर मुन्जिर धावत आले. "काल औषध शुद्ध होतं! तू नळी बदललीस आणि अशुद्धी आणलीस."

"नळी आणत नाही, डॉक्टर. दाखवते."

"अगं, अख्खं जग अठरा कार्बनवर चालतं!"

"आरसा बदलला म्हणून नाकावर फोड येतो होय?" अबू रकान चहा फुंकत म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा, अबू रकान. इन्साफ, पाच नळ्यांच्या अहवालावर सही कर. गुरुवारी माल निघतोय."

"नाही केली तर?"

"तर उद्या तुझ्या खुर्चीत दुसरी बसेल. ती करेल."

इन्साफने सहावा आलेख अहवालाला टाचला आणि सहीच्या जागी दोन ओळी लिहिल्या. डॉक्टरांनी वाचलं: 'सहावी नळी का चालत नाही, लेखी सांगा. चालत नसेल, तर समितीपैकी कोणाची आई ही गोळी रोज घेणार, तिचं नाव लिहा.'

"हे काय आहे?"

"प्रश्न आहे, डॉक्टर. वर घेऊन जा. मी इथेच बसलेय. उत्तर द्या!"