कमरेएवढं पाणी

"मोटर जळालीय. आज काही होत नाही," पाळकांच्या नजरेला नजर न देता मिस्त्रीनं सांगितलं.

मोटर धडधाकट होती. टाकीतल्या पाइपच्या तोंडाशी चिंधी अडकली होती, एवढंच. त्याच्यासाठी पाच मिनिटांचं काम. पण प्रार्थनामंदिरातला हौद भरला, की त्याच्या बायकोचा बाप्तिस्मा होणार होता. पाळक तिला पाण्याखाली बुडवणार होते. आणि दीड वर्षापूर्वी तळ्यात बुडालेली त्याची सहा वर्षांची लेक अजून रोज त्याच्या डोळ्यांपुढे बुडत होती. अख्ख्या गावाचं पाणी वर काढणाऱ्या या बहाद्दराला स्वतःची पोर तेवढी वर काढता आली नव्हती. त्यानं देवाचं नाव टाकलं ते तेव्हापासून. बायकोनं ते धरलं, तेही तेव्हापासूनच.

"मग पुढच्या रविवारी करू," पाळक म्हणाले.

"कशाला? बादल्या आहेत की!" पांढरा झगा घातलेली बायको दारात उभी होती. बघता बघता तिनं बाह्या सरसावल्या, दोराला बादली बांधली आणि जमिनीखालच्या टाकीच्या तोंडाशी ओणवी झाली.

"अगं, मागे हो!" तो ओरडला.

"खोटं बोललात की तुमचे कान लाल होतात, अहो."

"ते तुला पाण्याखाली दाबतील. मला नाही बघवणार."

"भीती मलाही वाटते. पण ती परत भेटेल, या एका आशेवर मी उठते-बसते. एवढी तरी हिरावून घेऊ नका."

त्यानं चिंधी ओढून काढली. पंपानं पाणी धरलं.

हौद कमरेएवढा भरल्यावर ती उतरली. मिस्त्रीची पाचावर धारण बसली. ती मागे झुकली, चेहरा पाण्याखाली गेला, आणि हा बुटांसकट हौदात! मंडळीत कुणीतरी फिसकन हसलं. पाळक मात्र हसले नाहीत.

"पाठीला हात लावा. दोघं मिळून उठवू."

ती वर आली. ठसकली, मग तिनं मोठा श्वास घेतला. तळ्याकाठी न आलेलं रडू त्याला इथं, चारचौघांत आलं.

"येशू आपल्या पोरीलाही असंच उठवील," ती त्याच्या कानाशी म्हणाली.

घरी या बोलण्यावर तो 'पुरे' म्हणून उठून जायचा. आज गेला नाही. पाळकांनी पुढचं नाव पुकारलं, तरी तिच्या पाठीवरचा हात त्यानं काढला नव्हता.