दाजीचा फ्लेक्स

ऋतिकाच्या कॉलेजात त्या वर्षी ऑनर्सच्या मुलांसाठी बदामीचा अभ्यासदौरा निघाला. दहा दिवस लेणी बघायची, टिपणं काढायची आणि परत येऊन निबंध लिहायचा. जागा मोजक्याच, म्हणून आधी मुलाखत होती. इतिहासात ऋतिकाचा हात धरणारं कुणी नव्हतं, तेव्हा ती निर्धास्त होती.

स्वस्थ बसवत नव्हतं ते तिच्या बापाला. अख्खं काल्हेर गाव त्याला दाजी म्हणे, म्हणून तीही दाजीच म्हणे. शेतजमिनीवर गोदामं उभी राहून भाड्याचा पैसा यायला लागल्यापासून दाजीला आनंद झाला की तो फ्लेक्स लावी. पोरगी नुसती ‘नाव दिलंय’ म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी भिवंडीच्या रस्त्यावर फ्लेक्स झळकला: ‘बदामी दौऱ्यासाठी निवड झाल्याबद्दल कु. ऋतिका हिचे हार्दिक अभिनंदन!’ कोपऱ्यात ऋतिकाचा पासपोर्टएवढा फोटो, बाकी सगळा गॉगल लावलेला दाजी.

मुलाखत अजून व्हायचीच होती.

कॉलेजात बोंबाबोंब झाली. इतिहासाच्या सरलाबाईंनी तिला बोलावून घेतलं. “पहिला नंबर तुझाच असता गं,” त्या म्हणाल्या, “पण आता तुला घेतलं तर लोक म्हणतील, दाजीनं दम दिला.” बाईंचं चुकत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. ऋतिकाचं नाव गळलं.

दाजी हिरमुसला, पण घटकाभरच. “त्यात काय रडायचं? आपली सुमो हाय. बदामी काय पलून चाललीय?” आत्या आक्कानं लगेच सुके बोंबील भाजायला घेतले. धाकटा भाऊ कुणाल क्रिकेटची बॅट गाडीत टाकून आला.

ऋतिका ओट्याशी उभी राहून हे सगळं बघत होती. जवळच्या नारपोलीत मैत्रिणीबरोबर सरबत प्यायली तरी रिक्षावाले घरी बातमी पोचवत. ‘दाजीची पोर’ ही ओळख मागे ठेवून ती कधी कुठे गेलीच नव्हती. लेणी तिला हवी होतीच, पण त्याहून जास्त हे असं एकटीनं जाणं हवं होतं.

“दाजी, मला न्हाय जायचं,” ती म्हणाली. “मला तुमच्याशिवाय कुठंतरी जायचं होतं.”

आक्काचा चिमटा हवेतच राहिला. दाजीनं टॉवेलनं तोंड पुसलं. त्याला लागलं होतं आणि ते त्याला लपवता येत नव्हतं. तो अंगणात गेला, सुमोभोवती एक फेरी मारली, भावाला फोन लावला आणि परत आला.

“बरं,” तो हळूच म्हणाला. “म्होरल्या गाडीत तू एकटी बस. आमी काकाच्या गाडीत मागनं येतो. लांबूनच, हां.”

एवढी मोठी सूट दाजीनं जन्मात कुणाला दिली नव्हती. ते ऋतिकाला कळत होतं, म्हणूनच तिला रडू फुटलं.